१२५ जीईव्हीचा हिग्ज आणि गेज मीडिएशन: एका आकड्यापासून डार्क मॅटरपर्यंत

१३ डिसेंबर २०११ ला सर्नमध्ये अ‍ॅटलास आणि सीएमएस या एलएचसी कोलायडरवरच्या दोन्ही प्रयोगांनी सांगितलं की १२५ जीईव्हीच्या आसपास काहीतरी दिसतंय (ईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं आणि ऊर्जेचं एकक, दहा लाख ईव्ही म्हणजे एक एमईव्ही, हजार एमईव्ही म्हणजे एक जीईव्ही, हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही), आणि ४ जुलै २०१२ ला ते पक्कं झालं, हिग्ज बोसॉन सापडला. स्टँडर्ड मॉडेलचा (माहीत असलेल्या कणांच्या थिअरीचा) तो मोठा विजय होताच, पण सुपरसिमेट्रीवर (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो म्हणणाऱ्या थिअरीवर) काम करणाऱ्यांच्या दृष्टीने कण सापडला यापेक्षा तो किती जड निघाला हे जास्त महत्त्वाचं होतं. स्टँडर्ड मॉडेलमध्ये हिग्जचं वस्तुमान हा मोजून भरायचा आकडा आहे, सुपरसिमेट्रीमध्ये मात्र तो हवा तसा ठेवता येत नाही, थिअरीच तो सांगते, आणि काय सांगते ते सुपरसिमेट्री कशी तुटलीये यावर ठरतं.

मी इथे एकच मॉडेल घेतोय, मिनिमल गेज मीडिएशन. हे निवडलं कारण हिग्जच्या वस्तुमानापासून डार्क मॅटरपर्यंतची साखळी यात कडीला कडी लावून दिसते आणि गणित पाठकोऱ्या कागदावर करता येतं. 'सुपरसिमेट्री सापडली नाही म्हणजे संपली' असं सरसकट बोललं जातं तेव्हा नेमकं काय संपलं आणि काय नाही हे बघायला यापेक्षा चांगली केस मला माहीत नाही.

आकडा येण्याआधी

सुपरसिमेट्री म्हणते की प्रत्येक फर्मिऑनला (इलेक्ट्रॉन, क्वार्कसारख्या पदार्थाच्या कणाला) एक बोसॉन पार्टनर आणि प्रत्येक बोसॉनला (फोटॉन, हिग्जसारख्या कणाला) एक फर्मिऑन पार्टनर. ही सिमेट्री शाबूत असती तर इलेक्ट्रॉनचा पार्टनर सेलेक्ट्रॉनही ०.५११ एमईव्हीचाच असता आणि कधीच सापडला असता, तो सापडलेला नाही, म्हणजे सिमेट्री असलीच तर तुटलेली आहे. ती कशी तोडायची याची गणिती उदाहरणं १९७४-७५ पासून आहेत, फाये आणि इलिओपोलोस यांचं एक, ओरॅफर्टी यांचं दुसरं. अडचण अशी की आपल्या ओळखीच्या कणांमध्येच सिमेट्री थेट तोडली तर जमत नाही. १९७९ मध्ये फेरारा, जिरार्डेलो आणि पालुंबो यांनी वस्तुमानांच्या बेरजेचा एक नियम दाखवला, त्यानुसार ट्री लेव्हलला (क्वांटम करेक्शन, म्हणजे लूप, न धरता) बोसॉन आणि फर्मिऑनच्या वस्तुमानवर्गांची स्पिननुसार वजन दिलेली बेरीज सारखीच राहते, मग काही सुपरपार्टनर वर गेले तर काही खाली यावेच लागतात, आणि एखादा स्क्वार्क (क्वार्कचा पार्टनर) स्वतःच्या क्वार्कपेक्षाही हलका निघतो. तसं काही दिसलेलं नाही.

म्हणून सगळ्यांनी वेगळा रस्ता धरला, सिमेट्री एका हिडन सेक्टरमध्ये (आपल्या कणांशी थेट न बोलणाऱ्या कणांमध्ये) तुटते आणि त्याची खबर कुठल्यातरी मार्गाने आपल्याकडे येते. आपल्या बाजूला ती पोचते ती सॉफ्ट टर्म्सच्या (सुपरपार्टनरना वेगळी वस्तुमानं देणाऱ्या टर्म्सच्या) रूपात, आणि त्या सगळ्या मोकळ्या सोडल्या तर १०५ नवे पॅरामीटर होतात. मला नेहमी वाटतं की सुपरसिमेट्रीवर बोलताना या १०५ पॅरामीटरबद्दल फार कमी बोललं जातं, खरंतर कुठला कण किती जड, डार्क मॅटर कोण, एलएचसीवर काय दिसेल, हे सगळं तिथेच ठरतं, मूळ सिमेट्री यातलं जवळपास काहीच ठरवत नाही.

खबर पोचवायचा एक मार्ग म्हणजे ग्रॅव्हिटी. हिडन सेक्टरमध्ये सिमेट्री तुटण्याची पातळी साधारण ५० अब्ज जीईव्ही धरा, तिचा वर्ग करा, प्लांक पातळीने म्हणजे २.४ गुणिले एकावर अठरा शून्यं एवढ्या जीईव्हीने भागा, उत्तर एक टीईव्हीच्या आसपास येतं. छान जमतं, पण प्लांक पातळीवर जे घडतं त्याला फ्लेवर (कण कुठल्या पिढीतला) सांभाळायचं बंधन नाही, पहिल्या आणि दुसऱ्या पिढीतल्या स्क्वार्कांची वस्तुमानं सारखी असायला तिथे कारणच नाही, आणि ती सारखी नसली तर केऑन आणि अँटिकेऑनचं मिक्सिंग मोजलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त यायला हवं.

गेज मीडिएशन हा दुसरा मार्ग, आणि १९९५-९६ मध्ये डाइन, नेल्सन, नीर आणि शिरमन यांच्या कामानंतर त्यात खूप लोक उतरले. इथे खबर आणणारे मेसेंजर कण नेहमीच्याच गेज फोर्सेसमधून (विद्युतचुंबकीय, वीक आणि स्ट्राँग) बोलतात, त्यामुळे ज्यांचे चार्ज सारखे त्यांना वस्तुमान सारखं, फ्लेवरचा प्रश्न उद्भवतच नाही. माझ्या मते सुपरसिमेट्री तोडायच्या सगळ्या कल्पनांमध्ये ही सगळ्यात सुबक. सगळं एका राशीवर चालतं, तिला लॅम्बडा म्हणतात, ती म्हणजे सिमेट्री तुटण्याच्या पातळीचा वर्ग भागिले मेसेंजरचं वस्तुमान. लॅम्बडा १०० टीईव्ही घेतला की स्क्वार्क एक टीईव्हीच्या जवळ, उजव्या हाताचे स्लेप्टॉन (इलेक्ट्रॉनच्या जातीच्या कणांचे पार्टनर) दीडदोनशे जीईव्ही, म्हणजे एलएचसीच्या अगदी टप्प्यात.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावर फिरणार आहे. एक, मिनिमल मॉडेलमध्ये मेसेंजरच्या पातळीवर ए-टर्म्स जवळजवळ शून्य असतात. ए-टर्म म्हणजे डाव्या आणि उजव्या स्टॉपना (टॉप क्वार्कच्या पार्टनरना) एकमेकांत मिसळणारी टर्म, आणि २०११ पर्यंत ती शून्य असणं हा तपशिलातला भाग मानला जायचा. दुसरी गोष्ट ग्रॅव्हिटिनो. ग्रॅव्हिटॉनचा (ग्रॅव्हिटी वाहणाऱ्या कणाचा) हा पार्टनर इथे सगळ्यात हलका सुपरपार्टनर असतो, म्हणजे आर-पॅरिटी (सुपरपार्टनरला फक्त साध्या कणांत मोडू न देणारा नियम) पाळली तर शेवटी सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं आणि डार्क मॅटरचा उमेदवार तोच. त्याचं वस्तुमान सिमेट्री तुटण्याच्या पातळीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, पातळी १०० टीईव्ही असेल तर २.४ ईव्ही. इतका हलका ग्रॅव्हिटिनो विश्वात सगळीकडे पसरलेला असला तरी काही बिघडत नाही, २००५ मध्ये लायमन-अल्फा फॉरेस्टच्या (दूरच्या क्वेसारांच्या प्रकाशात वाटेतल्या हायड्रोजनमुळे उमटणाऱ्या रेषांच्या) निरीक्षणांवरून त्याच्यावर १६ ईव्हीची मर्यादा आली होती आणि २.४ तिच्यात आरामात बसतं. फक्त मग डार्क मॅटर दुसरं काहीतरी असावं लागतं, तेवढं लोकांनी मान्य केलेलं होतं.

१२५ आल्यावर काय झालं

मिनिमल सुपरसिमेट्रीमध्ये ट्री लेव्हलला हिग्ज झेड बोसॉनपेक्षा जड असू शकत नाही, म्हणजे ९१.२ जीईव्हीच्या आतच. सर्नच्याच आधीच्या एलईपी कोलायडरने २००० साली बंद होईपर्यंत हिग्ज ११४.४ च्या खाली नाही असं दाखवलं होतं, तेव्हा ट्री लेव्हलवर भागणार नाही हे आधीच कळलेलं होतं, आणि १९९१ मध्येच तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून ठेवलं होतं की टॉप आणि स्टॉपच्या लूपमुळे हिग्ज बराच वर सरकतो. प्रश्न किती सरकवायचं हा होता. १२५ चा वर्ग १५६२५, ९१.२ चा वर्ग सुमारे ८३१७, मधली तफावत ७३०० च्या आसपास, म्हणजे साधारण ८५ चा वर्ग. लूपने एकट्याने जवळजवळ ट्री लेव्हलएवढं योगदान द्यायला हवं! करेक्शन म्हणून जे घ्यायचं ते मूळ रकमेच्या बरोबरीला आलं, हे बघून मला आजही अस्वस्थ वाटतं.

हे योगदान वाढवायचे दोनच मार्ग आहेत. स्टॉप जड करा, किंवा स्टॉपचं मिक्सिंग वाढवा. मिक्सिंग भरपूर असेल तर एक-दोन टीईव्हीच्या स्टॉपवरही १२५ गाठता येतं. नसेल तर नुसत्या वस्तुमानावर काम भागवावं लागतं आणि ते लॉगच्या आत बसलेलं आहे, स्टॉप दुप्पट जड केला तरी हिग्ज जेमतेम काही जीईव्ही सरकतो, त्यामुळे पाच ते दहा टीईव्हीपर्यंत जावं लागतं. आणि मिनिमल गेज मीडिएशनमध्ये ए-टर्म शून्य! मेसेंजरच्या पातळीवरून खालच्या ऊर्जेकडे येताना ग्लुइनोमुळे (ग्लुऑनच्या पार्टनरमुळे) थोडी तयार होते पण मेसेंजर खालच्या पातळीवर असतील तर तेवढ्याने भागत नाही.

स्टॉप ९ टीईव्ही धरून चालू. त्यासाठी लॅम्बडा १००० टीईव्हीच्या आसपास लागतो, आधीच्या दसपट. ग्लुइनो आणि बाकीचे स्क्वार्क त्याच मापाने वर गेले, म्हणजे एलएचसीवर यातलं काहीच दिसणार नाही. पुढे १३ टीईव्हीच्या डेटातून ग्लुइनोवर सव्वादोन टीईव्हीच्या आसपास आणि स्टॉपवर सव्वा टीईव्हीच्या आसपास लिमिट आल्या तेव्हा खूप ठिकाणी त्या मोठा धक्का म्हणून मांडल्या गेल्या, पण या मॉडेलपुरतं बोलायचं तर २०१२ मध्ये हिग्जने जे सांगितलं होतं त्यात त्या लिमिटने नवीन काहीच घातलं नाही.

नॅचरलनेसचं (मोठे आकडे मुद्दाम जुळवून एकमेकांना खोडावे लागू नयेत या अपेक्षेचं) काय झालं तेही बघू. झेडचं वस्तुमान दोन मोठ्या राशींच्या वजाबाकीतून येतं, एक म्यूचा (हिग्जच्या पार्टनरना वस्तुमान देणाऱ्या राशीचा) वर्ग आणि दुसरी हिग्जची सॉफ्ट मास, आणि स्टॉपचा लूप त्या दुसरीला ढकलतो. ९ टीईव्हीचे स्टॉप आणि १००० टीईव्हीचे मेसेंजर घेतले तर हे ढकलणं साधारण २० टीईव्ही-वर्ग येतं, आणि उत्तर हवं आहे ०.००४ टीईव्ही-वर्ग. म्हणजे दोन आकडे काही हजारांत एक इतक्या काटेकोरपणे एकमेकांना खोडायला हवेत. सुपरसिमेट्री आणली होती ती हीच खोडाखोड टाळायला. तरी एवढं म्हणायला हवं की सुपरसिमेट्री नसती आणि पातळी थेट प्लांकची असती तर हाच आकडा एकावर तीसहून जास्त शून्यं इतका जातो, त्यामुळे हजारांत एक वाईट असलं तरी सुपरसिमेट्रीने काहीच केलं नाही असं होत नाही.

ग्रॅव्हिटिनोपर्यंत

आता माझ्या मते या केसचा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि यावर चर्चा सगळ्यात कमी झाली.

मेसेंजर कणांच्या बोसॉन पार्टनरचा वस्तुमानवर्ग ऋण होऊन चालत नाही, तसं झालं तर व्हॅक्यूमच कोसळतं. याचा अर्थ मेसेंजरचं वस्तुमान सिमेट्री तुटण्याच्या पातळीपेक्षा जास्तच असायला हवं, आणि त्यातून निघतं की ती पातळीही लॅम्बडाच्या खाली जाऊ शकत नाही. लॅम्बडा १००० टीईव्ही तर पातळी किमान १००० टीईव्ही. ग्रॅव्हिटिनो पातळीच्या वर्गाने वाढतो, म्हणून २.४ ईव्हीचा थेट २४० ईव्ही झाला, आणि ही खालची मर्यादा आहे, मेसेंजर आणखी जड असतील किंवा सिमेट्री दुसरीकडेही तुटत असेल तर तो यापेक्षा जडच होईल.

म्हणजे कोलायडरवर मोजलेल्या एका आकड्याने, कधीही न दिसलेल्या आणि दिसण्याची जवळजवळ शक्यता नसलेल्या कणाचं वस्तुमान शंभरपट वर ढकललं. या विषयातलं मला सगळ्यात जास्त आवडणारं हेच आहे, एका टोकाला ओढलं की दुसरं टोक हलतंच.

२४० ईव्हीचा ग्रॅव्हिटिनो सुरुवातीच्या गरम विश्वात बाकीच्या कणांबरोबर समतोलात आला असेल तर त्याची आजची घनता साधारण दुप्पट निघते, प्लांक उपग्रहाने मोजलेल्या डार्क मॅटरच्या म्हणजे ओमेगा-एच-वर्ग (घनतेचं माप) ०.१२ च्या दुप्पट. बरं वस्तुमान कमी करून १०० ईव्हीवर आणलं तर घनता बरोबर जुळते, मग तेच डार्क मॅटर का नाही? कारण इतके हलके कण फार काळ वेगात पळत राहतात, छोट्या प्रमाणातले घनतेचे चढउतार पुसून टाकतात, आणि लायमन-अल्फामध्ये दिसणारी रचना तयारच होत नाही. १६ ईव्हीची मर्यादा तिथूनच आलेली. २०१६ मध्ये सीएमबी लेन्सिंग आणि कॉस्मिक शिअर (वाटेतल्या वस्तुमानामुळे विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशाचं आणि दीर्घिकांच्या प्रतिमांचं वाकणं) वापरून ती ४.७ ईव्हीपर्यंत खाली आली.

उलटं करून बघू. १६ ईव्हीच्या आत राहायचं तर लॅम्बडा २६० टीईव्हीपर्यंतच नेता येतो, स्टॉप सव्वादोन-अडीच टीईव्ही, आणि तिथे मिक्सिंगशिवाय हिग्ज १२० च्या आतच राहतो. मेसेंजरच्या पाच जोड्या घेतल्या तर थोडी ढील मिळते, स्कॅलरची (स्टॉपसारख्या शून्य स्पिनच्या पार्टनरची) वस्तुमानं जोड्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात म्हणून तेवढ्याच स्टॉपसाठी ग्रॅव्हिटिनो पाचपट हलका चालतो, ९ टीईव्हीच्या स्टॉपला ४८ ईव्ही आणि ५ टीईव्हीच्या स्टॉपला १५. म्हणजे १६ ची मर्यादा कशीबशी सांभाळता येते, ४.७ ची नाही. पाचपेक्षा फार जास्त जोड्याही घेता येत नाहीत, फोर्सेसची ताकद सांगणारी कपलिंग युनिफिकेशनच्या (ती सगळी सारखी होण्याच्या पातळीच्या) आधीच हाताबाहेर जातात.

तर हलक्या ग्रॅव्हिटिनोचं साधं, स्वच्छ चित्र गेलं. ते घालवलं हिग्ज आणि कॉस्मॉलॉजी या दोघांनी मिळून, एकट्याने कुणालाही ते जमलं नसतं.

मग रस्ते कोणते उरले

पहिला, मेसेंजर खूप जड करा आणि ग्रॅव्हिटिनोला केईव्ही ते जीईव्हीच्या पट्ट्यात न्या. तिथे तो पुरेसा थंड डार्क मॅटर होऊ शकतो, पण आता तो किती तयार होतो हे इन्फ्लेशननंतर विश्व किती गरम झालं यावर ठरतं, आणि ग्लुइनोच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणातही ठरतं. ग्लुइनो एकाऐवजी सात टीईव्हीचा झाला की उत्पादन जवळजवळ पन्नासपट, म्हणून तापमान खाली ठेवावं लागतं. थर्मल लेप्टोजेनेसिसला, म्हणजे विश्वात पदार्थ का उरला याच्या एका चांगल्या स्पष्टीकरणाला, साधारण अब्ज जीईव्हीचं तापमान लागतं. दोन्ही एकत्र बसवणं इथे फारच अवघड होतं. अशक्य नाही, पण मग पदार्थ का उरला याचं उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं.

दुसरा, ए-टर्म मुद्दाम आणा, मेसेंजर आणि हिग्ज यांचं थेट कपलिंग ठेवून. २०१२ नंतर यावर बरंच काम झालं. अडचण अशी की ज्या कपलिंगमधून ए-टर्म येते त्यातूनच हिग्जची सॉफ्ट मासही येते आणि ती लूपच्या हिशोबात जास्त मोठी निघते, त्यामुळे फाइन-ट्यूनिंग (तीच काटेकोर खोडाखोड) टाळायला गेलो तर दुसऱ्या दारातून परत येते. मेसेंजर क्वार्क-लेप्टॉनशी जोडले तर फ्लेवरचा प्रश्नही परत. एक सिंगलेट घालून ट्री लेव्हललाच हिग्ज वर न्यायचा मार्गही आहे, पण सिंगलेटला गेज चार्ज नसतो म्हणून गेज मीडिएशनमधून त्याला सॉफ्ट मासच मिळत नाही, मग त्याच्यासाठी वेगळी सोय करा. प्रत्येक वेळी मॉडेलचा जो गुण म्हणून आपण ते घेतलं तोच थोडा थोडा सोडावा लागतो, आणि म्हणून मला हे मार्ग पटत नाहीत.

तिसरा रस्ता म्हणजे गेज मीडिएशन सोडून १२५ ला वेगळ्या नजरेने बघणं. २००४ मध्ये आर्कानी-हमेद आणि डिमोपोलोस यांनी स्प्लिट सुपरसिमेट्री मांडली होती, स्कॅलर पार्टनर खूप जड, फर्मिऑन पार्टनर तुलनेने हलके, आणि नॅचरलनेसचा आग्रह सरळ सोडलेला. हिग्ज १२५ ला बसवायचा तर स्कॅलर साधारण १० ते १००० टीईव्हीत येतात, आणि १९९८ च्या अ‍ॅनॉमली मीडिएशनमधून गेजिनोंना (गेज बोसॉनच्या पार्टनरना) लूपने वस्तुमान मिळतं. ग्रॅव्हिटिनो १००० टीईव्ही धरला तर विनो (डब्ल्यू बोसॉनचा पार्टनर) त्याच्या तीनशेसाठ-सत्तराव्या भागात, म्हणजे २.७ टीईव्हीच्या आसपास येतो, आणि सगळं डार्क मॅटर थर्मल पद्धतीने (सुरुवातीच्या गरम विश्वातल्या समतोलातून उरून) विनोच बनवतो असं धरून काढलेलं वस्तुमानही जवळजवळ तेवढंच आहे. शिवाय इतका जड ग्रॅव्हिटिनो हलकी मूलद्रव्यं बनायच्या आत क्षय पावतो, म्हणजे गेज मीडिएशनमध्ये जो सगळ्यात मोठा त्रास होता तो इथे आपोआप मिटतो. हे बघितल्यावर मला हा रस्ता जास्त गंभीरपणे घ्यावासा वाटतो, नॅचरलनेसची किंमत मोजूनही.

ग्रॅव्हिटी मीडिएशनच्या साध्या मॉडेलचं थोडक्यात सांगतो. तिथे बिनो (आणखी एक गेजिनो) डार्क मॅटर बहुतेकदा जास्तच उरतो, तो कमी करायला बिनो आणि हिग्जिनो (हिग्जचा पार्टनर) यांचं नेमकं मिश्रण घेतलं जायचं, पण अशा मिश्रणाचा हिग्जमार्फत झेनॉनशी बऱ्यापैकी संबंध येतो आणि लक्स, झेनॉन१टी आणि एलझेड या जमिनीखालच्या झेनॉन डिटेक्टरनी त्यातला बहुतेक भाग पुसून टाकला. जवळजवळ शुद्ध हिग्जिनो, १.१ टीईव्हीचा, अजून उभा आहे.

आता एलझेडकडे या तीन चित्रांमधून बघा. साउथ डकोटात जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर सात टन द्रव झेनॉन लावून बसलेला हा प्रयोग, ४० जीईव्हीच्या डार्क मॅटरसाठी त्याची लिमिट आता दशांशचिन्हानंतर सत्तेचाळीस शून्यं आणि मग दोन, इतके चौरस सेंटिमीटर, आणि सिग्नल नाही. बिनो-हिग्जिनो मिश्रणासाठी ही खूप मोठी बातमी आहे. विनोसाठी अजून नाही, इतक्या जड कणासाठी लिमिट तेवढी कडक नसते, त्याच्यासाठी आकाशगंगेच्या केंद्रातून येणाऱ्या गॅमा किरणांकडे बघावं लागतं, हेस दुर्बिणींच्या डेटाने तो आधीच अडचणीत आहे, फक्त केंद्राजवळ डार्क मॅटर किती दाटलंय हे गृहीतक बदललं की निष्कर्षही बदलतो. आणि ग्रॅव्हिटिनोसाठी ही बातमीच नाही, त्याचा झेनॉनशी संबंध इतका क्षीण की एलझेडच्या शंभरपट मोठा डिटेक्टर लावला तरी काही दिसायचं नाही. जमिनीखाली काही न दिसणं हा सुपरसिमेट्रीविरुद्धचा पुरावा आहे की नाही, हे ती कशी तुटलीये ते सांगितल्याशिवाय ठरवताच येत नाही, आणि तरी दर वेळी नवीन लिमिट आली की सगळ्यांना एकाच मापाने मोजलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात विचार करण्यासारखं जे आहे तेच हरवतं.

हिग्जचं वस्तुमान आता ०.१ जीईव्हीच्या आसपास अचूकतेने माहीत आहे. स्टॉपच्या वस्तुमानावरून ते काढायच्या गणितात मात्र अजून एक जीईव्हीच्या घरातली अनिश्चितता आहे, टॉपचं वस्तुमान त्यात भर घालतं, आणि लॉगमुळे या एका जीईव्हीचा स्टॉपवर कितीतरी मोठा परिणाम होतो. वर मी ९ टीईव्ही धरला तिथे ५ किंवा १२ ही येऊ शकतो आणि ग्रॅव्हिटिनोची खालची मर्यादा त्याच्या वर्गाने हलते. ५ टीईव्ही आणि मेसेंजरची एक जोडी घेतली तरी ती ७० ईव्हीच्या वरच राहते, म्हणून निष्कर्ष टिकतो, पण नेमका आकडा हवा असेल तर आधी हे लूपचं गणित आणखी एक पायरी पुढे जायला हवं, ते काम चालू आहे. थेट शोधायचं म्हटलं तर हाय-ल्युमिनोसिटी एलएचसी ग्लुइनोसाठी तीन टीईव्हीच्या आसपास पोचेल, पाच ते दहा टीईव्हीचे स्टॉप बघायला १०० टीईव्हीच्या दर्जाचा प्रोटॉन कोलायडर लागेल.